एमके एकोणसत्तर

आधी घड्याळ.
लॅपटॉप दोन सेकंद मागे होता,
आणि दोन सेकंदांत हाक चंद्राला लागून
अर्ध्याहून जास्त वाट परत आलेली असते.
ते जुळवलं. मग साडेपाच तास काढून टाकले,
कारण हे सॉफ्टवेअर नाशिकची वेळ जुमानत नाही,
त्याला ग्रीनिच लागतं.

मग पत्ता.
गल्ली, पिनकोड, अमक्या मेडिकलसमोर, काही नको.
जगाचे चौकोन पाडलेत, त्यातला आपला सांगायचा.
विसाव्या अक्षांशाची रेघ आमच्या गावातून जाते
हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.
सिडकोत मी एमके एकोणसत्तर,
नदीपलीकडे पंचवटीत माझी मावसबहीण एमएल साठ.
फोन करून सांगितलं, तू वेगळ्या चौकोनात आहेस गं.
म्हणाली, ते मला लग्नापासून ठाऊक आहे.

मग आवाजाची पातळी.
रिकाम्या आकाशावर हिरवी पट्टी तीसवर थांबली पाहिजे.
अंबडला बावीस वर्षं मी ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या,
तार किती ताणायची ते बोटं सांगायची.
इथे माउसने ताणायचं. चाळीस. सव्वीस. एकतीस.
राहू द्या मावशी, एवढं चालतं, मुबश्शिर म्हणाला,
आणि आयटीआयच्या सबमिशनला पळाला.

गच्चीवर चार यागी, कपड्यांच्या तारेच्या वर.
मोटर परवडली नाही, म्हणून रतन फिरवतो:
ओळंबा, कंपासपेटीतला कोनमापक,
आणि दर दहा मिनिटांनी त्याचा अंधारातला आवाज,
"तेवीस अंश. बघ काही येतंय का."

एकलहऱ्याच्या धुराड्यांमागून चंद्र वर आला
तीन रात्री, आणि तिन्ही रात्री काही आलं नाही.
पडद्याला धबधबा म्हणतात,
सोमेश्वरसारखा नाही, पाण्याविना,
निळं निळं खाली सरकत राहतं.
त्यात एक जाड पिवळा पट्टा. गुरगुरणारा.
चंद्र ढळला तरी न हलणारा.

तो खालच्या मजल्यावर राहत होता.
थेटेबाईंच्या मुलाच्या ई-रिक्षाचा चार्जर.

चौथ्या रात्री जिना उतरून गेले.
तासभर बंद ठेवाल का?
कुणाशी बोलायचंय?
माहीत नाही अजून.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बटण बंद केलं,
आणि चपला घालून माझ्यामागून वर आल्या.

पिवळं गेलं.
एक मिनिट आपण बोलायचं, एक मिनिट गप्प बसायचं,
असा नियम आहे. आमच्या घरात तो कधी चालला नव्हता.
पंखा बंद. रतन पाईप धरून उभा.
थेटेबाई टाकीला टेकून.
मिनिट संपताना एक ओळ उमटली,
आवाजाच्या पंचवीस डेसिबल खाली गाडलेली:
माझी सहा अक्षरं. मग कुणाची तरी पाच.
एस्टोनियाचा आहे म्हणे तो देश, नकाशात नंतर पाहिला.
मी पाठवलं, ऐकू आलं.
त्याने पाठवलं, तुला ऐकू आलं हे मला ऐकू आलं.
मी पाठवलं, बरं.
सहा मिनिटं लागली.

काय म्हणाला? थेटेबाईंनी विचारलं.
माझं नाव म्हणाला. त्याचं नाव. ऐकू आलं म्हणाला.
एवढंच?
एवढंच.
त्या जरा वेळ चंद्राकडे बघत राहिल्या,
तारेवरची वाळलेली उशीची खोळ काढून
उगाच चौघडी घातली, पुन्हा उलगडली.
दोन लाख मैल जाऊन, म्हणाल्या,
आणि यायचे दोन लाख.

मग खालून पोराने हाक मारली:
आई, सकाळी भाडं आहे, चार्जिंग लावू का?
त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही.
मिनिट पूर्ण होऊ दिलं.